सजीवांची मांडणी आणि माणसाची जात : कार्ल लिनियस यांचे जीवन

विहाराच्या अंगणात असो वा गावाच्या वेशीवर, पिंपळ दिसला की आपले मस्तक आपोआप नम्र होते. या वृक्षाला पालीत अस्सत्थ म्हणतात, मल्याळममध्ये अरयाल, सिंहलीत बो. जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र त्याला एकाच नावाने ओळखतात : फायकस रिलिजिओसा. यातील दुसरा शब्द या वृक्षाच्या पूज्यतेची आठवण देतो. हे नाव १७५३ साली ग्रंथात नोंदवणारे कार्ल लिनियस हे स्वीडनचे रहिवासी होते. भारतात किंवा सिलोनमध्ये त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. तरीही आपला पिंपळ, आपला वड, आपला आंबा आणि आपण स्वतः, या सर्वांची शास्त्रीय नावे त्यांच्याच लेखणीतून उतरली.

आठवीच्या विज्ञानात सजीवांचे वर्गीकरण शिकताना लिनियस यांचे नाव प्रत्येक विद्यार्थी एकदा तरी वाचतो. द्विसृष्टी पद्धती मांडणारे शास्त्रज्ञ, एवढीच ती ओळख असते. त्या एका ओळीमागे एक मोठे आयुष्य आहे. त्यात कष्ट आहेत, दुसऱ्यांनी दिलेला आधार आहे, स्वतःची चूक सुधारण्याचे धैर्य आहे, आणि न सुधारलेली एक मोठी चूकही आहे.

कार्ल यांचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधील रोशुल्ट या खेड्यात झाला. वडील निल्स हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्यांच्या घराण्यात आडनाव लावण्याची प्रथा नव्हती; मुलगा बापाच्या नावानेच ओळखला जाई. विद्यापीठात नाव नोंदवताना आडनावाची गरज पडली, तेव्हा निल्स यांनी घराण्याच्या जमिनीतील एका विशाल लिंडेन वृक्षावरून लिनियस हे आडनाव घेतले. पुढे ज्याने हजारो वनस्पतींना नावे दिली, त्याला स्वतःचे नाव एका झाडाने दिले होते.

वडिलांना बागेचे वेड होते. बाळ कार्ल रडू लागला की हातात फूल देताच शांत होई, अशी आठवण घरात सांगितली जात असे. थोडा मोठा झाल्यावर तो प्रत्येक झाडाचे नाव विचारी आणि विसरून जाई. एकदा सांगितलेले नाव विसरल्यास पुन्हा सांगणार नाही, असा दम वडिलांनी भरला, आणि तेव्हापासून नावे लक्षात ठेवणे हीच त्या मुलाची जिद्द झाली.

शाळेत मात्र त्याचे चित्त रमेना. मुलाने आपल्याप्रमाणे धर्मोपदेशक व्हावे अशी आईवडिलांची इच्छा होती. त्यासाठी लागणाऱ्या विषयांत तो मागे पडे आणि रानात वनस्पती हुडकत फिरे. या मुलाला पुढे शिकवण्यात अर्थ नाही, शिंप्याच्या किंवा चांभाराच्या हाताखाली द्यावे, असा सल्ला शिक्षकांनी वडिलांना दिला. जणू हातांनी करायची कामे बुद्धीवाचून होतात! वडील खिन्न झाले. त्या वेळी योहान रोथमान नावाचे डॉक्टर, जे त्याच शाळेत शिकवत, पुढे आले. हा मुलगा वैद्यकशास्त्रात नाव काढील असे त्यांनी वडिलांना पटवले, त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि शरीरशास्त्र व वनस्पतिशास्त्राचे धडे दिले. रोथमान त्या दिवशी बोलले नसते, तर ही कथा तिथेच संपली असती.

१७२७ साली कार्ल लुंड विद्यापीठात दाखल झाले. तेथे डॉक्टर स्टोबेयस यांच्या घरी त्यांना आसरा मिळाला. स्टोबेयस यांच्या ग्रंथालयातील पुस्तके कार्ल एका सहनिवाशाकडून गुपचूप मागून घेत आणि रात्रभर मेणबत्तीच्या उजेडात वाचत. एका रात्री उशिरापर्यंत उजेड पाहून स्टोबेयस खोलीत शिरले, तेव्हा विद्यार्थी त्यांच्याच पुस्तकांत बुडालेला आढळला. शिक्षा तर झाली नाहीच. ग्रंथालय मात्र त्याला कायमचे खुले झाले.

पुढच्याच वर्षी ते उप्सालाला गेले. हातातले पैसे लवकरच संपले. फाटक्या जोड्यात कागद घालून ते चालत. अशा स्थितीत १७२९ साली विद्यापीठाच्या बागेत वनस्पती न्याहाळणाऱ्या या तरुणाशी ओलोफ सेल्सियस या वयोवृद्ध विद्वानांची गाठ पडली. प्रत्येक झाडाचे नाव अचूक सांगणाऱ्या या मुलाची उपासमार त्यांच्या ध्यानी आली आणि त्यांनी त्याला घरी नेऊन जेवणाखाण्याची व राहण्याची सोय केली. वसतिगृहाच्या छायेत वाढलेल्या कोणालाही या प्रसंगाचे मोल वेगळे सांगायला नको. पुढच्याच वर्षी हा विद्यार्थी त्याच बागेत इतरांना वनस्पतिशास्त्र शिकवू लागला.

१७३२ साली, पंचविसाव्या वर्षी, लिनियस उत्तरेकडील लॅपलँड प्रदेशाच्या शोधयात्रेला निघाले. मे ते ऑक्टोबर असे पाच महिने त्यांनी दलदली, नद्या आणि बर्फाळ डोंगर तुडवले. वनस्पती, प्राणी, खडक यांच्या नोंदी केल्याच, शिवाय रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांच्या झोपड्यांत राहून त्यांचा आहार, औषधे आणि जीवनपद्धती यांविषयी आदराने लिहिले. जे डोळ्यांनी पाहिले आणि ज्यांच्यासोबत राहिले, त्याविषयीचे त्यांचे लेखन बहुधा असेच जिवंत असे. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

वैद्यकीय पदवीसाठी १७३५ साली ते नेदरलँड्सला गेले. वाटेत हँबुर्ग येथे त्यांना सात मस्तकांचा एक भयंकर प्राणी दाखवण्यात आला. त्याची किंमत फार मोठी होती आणि लोक तो पाहून थक्क होत. लिनियस यांनी जवळून निरखले आणि मुंगसासारख्या प्राण्यांचे जबडे व पाय सापाच्या कातड्याने जोडून ते बनवले असल्याचे उघड केले. अद्भुताला नमस्कार करण्यापूर्वी ते तपासून पाहण्याची ही वृत्ती त्यांच्या शास्त्राचा कणा होती.

त्याच वर्षी लायडन येथे त्यांचे सिस्टेमा नॅचुरे हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुस्तक कसले, दहा-बारा मोठ्या पानांची ती तक्त्यांची मांडणी होती. तीत त्यांनी निसर्गाच्या तीन सृष्टी मानल्या. खनिजे केवळ वाढतात; वनस्पती वाढतात आणि जगतात; प्राणी वाढतात, जगतात आणि त्यांना संवेदनाही असते, असा त्यामागचा विचार होता. खनिजे वगळली म्हणजे सजीवांच्या दोन सृष्टी उरतात. प्रत्येक सृष्टीचे वर्ग, वर्गाचे गण, गणाच्या प्रजाती आणि प्रजातीच्या जाती, अशी एकात एक बसणारी रचना त्यांनी उभी केली. पत्त्यावर जिल्हा, तालुका, गाव आणि घर लिहिले की पत्र नेमके पोहोचते. त्याचप्रमाणे या रचनेत प्रत्येक सजीवाला आपला पत्ता मिळाला.

वनस्पतींचे वर्ग पाडण्यासाठी त्यांनी फुलातील पुंकेसरांची संख्या आणि मांडणी हे लक्षण निवडले. त्यावरून चोवीस वर्ग झाले. फूलच दिसत नाही अशा नेचे, शेवाळे, बुरशी यांना शेवटच्या चोविसाव्या वर्गात जागा मिळाली. ही पद्धत सोयीची होती, पण निसर्गातील खरे नाते सांगणारी नव्हती, याची जाणीव लिनियस यांना स्वतःला होती. खरी नैसर्गिक मांडणी पुढील शास्त्रज्ञांनी शोधावयाची आहे, असे ते मानत.

१७३८ साली ते मायदेशी परतले. पुढील वर्षी सारा एलिझाबेथ मोरेया यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १७४१ साली ते उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाले. ज्या बागेत उपाशीपोटी फिरले, ती आता त्यांच्या देखरेखीखाली आली. त्यांच्या वनस्पतिसहली गाजल्या. शेकडो विद्यार्थी सैलसर पोशाख घालून पहाटे रानात निघत आणि सायंकाळी नगारे व शिंगे वाजवीत शहरात परतत. विद्यापीठातील गंभीर मंडळींना हा गाजावाजा आवडत नसे.

त्यांच्या सतरा निवडक शिष्यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांत प्रवास करून नमुने गोळा केले. त्यांतील बरेच जण परतले नाहीत. पहिला शिष्य टर्नस्ट्रम १७४६ साली चीनच्या वाटेवर मरण पावला. त्याच्या पत्नीने मुलांना पोरके केल्याचा दोष लिनियस यांना दिला. त्यानंतर त्यांनी अविवाहित शिष्यांनाच पाठवण्याचे ठरवले. शास्त्राच्या ग्रंथांमागे अशी मरणेही असतात.

भारतातील वनस्पतींचे ज्ञान लिनियस यांना कसे मिळाले, ही कथा आपल्याला विशेष जवळची आहे. कोचीन येथील डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे यांच्या पुढाकाराने हॉर्टस मलाबारिकस हा ग्रंथ तयार झाला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे त्याचे बारा खंड छापले गेले आणि त्यांत सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आली. या ज्ञानाचा मुख्य झरा होते इट्टी अच्युतन नावाचे वैद्य. ते एळवा समाजाचे होते, म्हणजे ज्या समाजात पुढे नारायण गुरूंचा जन्म झाला आणि ज्याला जातिव्यवस्थेने खालची पायरी दिली होती, त्या समाजाचे. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनीही साहाय्य केले. त्यांचे नागरी लिपीतील कोकणी निवेदन ग्रंथात छापलेले आहे. समाजाने ज्यांना वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसवले होते, त्यांचे ज्ञान एका ग्रंथात शेजारी शेजारी आले.

या ग्रंथात पिंपळ अरयालु या मल्याळम नावाने आला आहे. लिनियस यांनी भारतीय वनस्पतींसाठी या ग्रंथाचा मोठा आधार घेतला. त्याशिवाय सिलोनमध्ये डॉक्टर म्हणून राहिलेल्या पॉल हर्मन यांनी वाळवून जपलेले नमुने त्यांच्या हाती आले आणि त्यांवरून १७४७ साली त्यांनी सिलोनच्या वनस्पतींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

१७५३ साली स्पीशीज प्लँटारम हा त्यांचा ग्रंथ आला. त्यात सुमारे सहा हजार वनस्पती होत्या. तोवर एका झाडाचे नाव म्हणजे एक लांबलचक लॅटिन वर्णन असे. टोमॅटो म्हणायचे तर काटे नसलेल्या मऊ खोडाचे आणि पिसासारख्या कातरलेल्या पानांचे सोलॅनम, एवढे सगळे सांगावे लागे. लिनियस यांनी प्रत्येकाला दोन शब्द दिले, पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. टोमॅटो झाला सोलॅनम लायकोपर्सिकम, आंबा झाला मँगिफेरा इंडिका, वड झाला फायकस बेंगालेन्सिस. हीच द्विनाम पद्धती. दोन शब्दांची ही सोय इतकी उपयोगी ठरली की आजही नवी जाती सापडली म्हणजे तिला याच रीतीने नाव मिळते.

१७५८ साली सिस्टेमा नॅचुरेची दहावी आवृत्ती निघाली आणि प्राण्यांनाही अशी नावे मिळाली. या आवृत्तीतील दुरुस्त्या पाहण्यासारख्या आहेत. पहिल्या आवृत्तीत त्यांनी देवमाशाला माशांत घातले होते. आता त्याला तेथून काढून पिलांना दूध पाजणाऱ्या प्राण्यांत नेले आणि त्या वर्गाला सस्तन हे लक्षण सांगणारे नवे नाव दिले. वटवाघळाला मात्र त्यांनी माणूस आणि माकड यांच्या गणात बसवले. ती चूक पुढील शास्त्रज्ञांनी दुरुस्त केली. जाती अपरिवर्तनीय आहेत असे तरुणपणी ठामपणे सांगणारे लिनियस उत्तरायुष्यात संकराने नव्या जाती निर्माण होऊ शकतात असे मानू लागले. पुराव्यापुढे मत बदलणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

माणसाच्या बाबतीत त्यांचे धैर्य आणि त्यांची उणीव दोन्ही एकाच पानावर दिसतात. १७३५ सालीच त्यांनी माणसाला माकडांच्या शेजारी एका गणात ठेवले. माणूस सृष्टीबाहेरचा कोणी विशेष जीव आहे, या समजुतीला तो धक्का होता. आक्षेप आले तेव्हा १७४७ साली एका शास्त्रज्ञ मित्राला त्यांनी कळवले की, निसर्गशास्त्राच्या कसोटीने माणूस आणि वानर यांना वेगळ्या प्रजातींत टाकणारे लक्षण आपल्याला तरी सापडत नाही. कोणाला ठाऊक असेल तर त्याने सांगावे. माणसाच्या नोंदीपुढे त्यांनी इतर प्राण्यांसारखी शरीरलक्षणे मांडली नाहीत, केवळ स्वतःला जाणण्याचा जुना ग्रीक उपदेश लिहिला. १७५८ साली त्यांनी आपल्या जातीला होमो सेपियन्स, म्हणजे शहाणा मानव, हे नाव दिले आणि पृथ्वीवरील समस्त माणसे या एका जातीत घातली.

येथे थांबले असते तर किती चांगले झाले असते! परंतु त्यांनी या एका जातीचे खंडानुसार चार प्रकार पाडले. आधी ते केवळ कातडीच्या रंगावर होते. दहाव्या आवृत्तीत त्यांना स्वभाव चिकटवले गेले. युरोपातील माणूस कल्पक आणि कायद्याने चालणारा, आशियातील लोभी आणि मतांनी चालणारा, आफ्रिकेतील आळशी आणि लहरीने चालणारा, अशी ती मांडणी होती. आशिया किंवा आफ्रिका त्यांनी पाहिली नव्हती. हँबुर्गच्या सात मस्तकांना ज्याने उलटून पालटून तपासले, त्याने ऐकीव पूर्वग्रह मात्र न तपासता लक्षण म्हणून नोंदवला. पुंकेसर मोजता येतात, दात मोजता येतात. लोभ आणि आळस एखाद्या खंडाच्या नावावर लिहिता येत नाहीत. गुलामांच्या व्यापाराचा तो काळ होता. शास्त्राच्या पानावर उतरलेल्या या ओळींचा आधार पुढे वंशश्रेष्ठत्व सांगणाऱ्यांनी घेतला आणि त्याची किंमत कोट्यवधी माणसांनी मोजली.

आपल्या भाषेत हा धोका एका शब्दातच दडलेला आहे. जीवशास्त्रात आपण जाती म्हणतो ती सजीवांची जाती, आणि समाजात जात म्हणतो ती माणसामाणसांत भिंत घालणारी. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात हाच भेद स्पष्ट केला आहे. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, या वादात पडलेले वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण भगवान बुद्धांकडे आले. बुद्धांनी त्यांचे लक्ष गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे आणि पक्षी यांच्याकडे वेधले. त्यांच्यात जातीजातीची चिन्हे जन्मतः वेगळी असतात. माणसांच्या केसांत, डोळ्यांत, हातापायांत तशी वेगळी चिन्हे नाहीत, आणि माणसांतील भेद हा केवळ व्यवहारातील नावांचा आहे, असे त्यांनी समजावले. आधुनिक आनुवंशिकीही याच दिशेने बोलते. १९७२ साली रिचर्ड लेवोंटिन यांनी दाखवले की मानवातील आनुवंशिक विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच असते.

लिनियस यांना १७६१ साली उमरावपद मिळाले. अखेरची वर्षे मात्र क्लेशाची गेली. १७७४ नंतर पक्षाघाताच्या झटक्यांनी वाचा आणि स्मृती मंदावली. स्वतःचेच ग्रंथ चाळताना ते कोणी लिहिले हे न उमजता ते त्यांची स्तुती करीत, असे सांगतात. १० जानेवारी १७७८ रोजी त्यांचे निधन झाले. उप्सालाच्या कॅथेड्रलमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचा संग्रह पुढे इंग्लंडमध्ये गेला आणि १७८८ साली स्थापन झालेल्या लंडनच्या लिनियन सोसायटीने तो आजवर जपला आहे.

त्यांच्या दोन सृष्टींचे पुढे काय झाले? सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या जिवांना कोठे ठेवावे हे लिनियस यांना उमगले नव्हते. बाराव्या आवृत्तीत त्यांनी अशा काही जिवांना कृमींच्या वर्गात, केऑस म्हणजे गोंधळ या नावाच्या प्रजातीत ठेवून दिले. पुढील दोन शतकांत याच गोंधळातून जुनी चौकट मोडली. युग्लीना हरितद्रव्याने अन्न तयार करते आणि पोहतेही. तिला वनस्पती म्हणावे की प्राणी? म्हणून १८६६ साली हेकेल यांनी प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी मानली. जीवाणूंच्या पेशीत केंद्रक नसते, म्हणून १९३८ साली कोपलँड यांनी त्यांना स्वतंत्र करून चार सृष्टी केल्या. बुरशीत हरितद्रव्य नाही आणि तिच्या पेशीभित्तिकेत कीटकांच्या कवचात आढळणारे कायटिन असते. म्हणून १९६९ साली व्हिटाकर यांनी तिला वनस्पतींतून वेगळे काढले आणि मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी ही पंचसृष्टी पद्धती मांडली. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतील रायबोसोमच्या आरएनएची तुलना केली, तेव्हा जीवाणूंसारखे दिसणारे काही जीव मुळातच निराळे असल्याचे आढळले. त्यातून १९९० साली सृष्टीच्याही वर तीन अधिक्षेत्रे कल्पिली गेली. त्यांपैकी दोन पूर्णपणे सूक्ष्मजीवांची आहेत. माणूस, पिंपळ आणि भिजल्या भाकरीवरची बुरशी ही तिसऱ्यात एकत्र आहेत.

लिनियस यांनी बांधलेल्या कपाटाचे कप्पे असे अनेकदा बदलले, आणखीही बदलतील. सजीव सृष्टी आपल्या जागी असते. कप्पे माणूस करतो, आणि चुकले तर ते मोडून नवे करण्याचा अधिकार प्रत्येक पिढीच्या विद्यार्थ्याला असतो. जे कप्पे माणसांची किंमत ठरवण्यासाठी केले गेले, तेही माणसानेच केलेले आहेत. शिंप्याच्या हाताखाली धाडायला निघालेल्या एका मुलाला तीन घरांनी आसरा दिला आणि त्याने साऱ्या पृथ्वीच्या सजीवांना पत्ता दिला, हे त्याचे ऋण आहे. त्याने माणसांच्या नावापुढे जे चुकीचे लिहिले ते खोडून टाकणे हे आपल्याकडे आलेले काम आहे.